दादर टी.टी.ची खोली

उर्मिलाताईला मुंबईत कुठे उतरवायचं, यावर गुरुदत्तच्या घरी तीन रविवार खल झाला आणि तिन्ही रविवारी "आपल्याकडे" हा शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही. निघू नये म्हणून केवढी काळजी घ्यावी लागली असेल! घर ठाकूरद्वारला, स्वतःच्या मालकीचं, दिवाणखाना धरून पाच खोल्यांचं. राहणारी माणसं तीन: गुरुदत्त, सुनंदावहिनी आणि त्यांची सुमेधा. गुरुदत्तची ही सख्खी बहीण येऊन राहिली असती तर माणशी एकेक खोली देऊनही एक उरली असती. हा हिशेब फक्त मी केला, आणि तोही मनातल्या मनात.

मी श्यामकांत, गुरुदत्तचा मावसभाऊ. मागे फणसवाडीत राहतो, एकटा. विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर माझी वीस वर्षं गेली. समोरचा काय सांगतो त्यापेक्षा काय गाळतो तिकडे लक्ष ठेवायचा मला पगार मिळतो. रविवारी मात्र ही सवय फुकट चालू राहते.

उर्मिलाताई बडोद्याला मुलींच्या शाळेत शिकवायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. दिवाळीच्या सुमारास तिच्या छातीत गाठ निघाली. ती तिकडेच कापून काढली, पण पुढचे शेक परळच्या इस्पितळात घ्यायचे ठरले. विजेच्या यंत्राचे किरण, पण सगळे त्याला शेकच म्हणत. रविवार सोडून रोज एक, असे पंचवीस. "खंड पडू देऊ नये," असं बडोद्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं आणि खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

त्याच महिन्यात सुमेधाला बघायला खारचे तळपदे येऊन गेले. मुलगा इंजिनीयर, स्वतःचा बंगला, मुलाची आई बोलायला गोड आणि विचारायला पक्की. खीर खाता खाता तिनं विचारलं, "तुमच्याकडे कुणाला काही आजारबिजार?" गुरुदत्त म्हणाला, "देवाच्या दयेनं सगळे ठणठणीत." उर्मिलाताईच्या गाठीचं पत्र तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात होतं. मला माहीत आहे, कारण ते मीच त्याला खाली दारात दिलं होतं.

तेव्हा बहीण घरी येणं शक्य नव्हतं. पण तसं म्हणायचं कसं? गुरुदत्त सॉलिसिटरच्या ऑफिसात हेडक्लार्क. सरळ वाक्य लिहायची सवय मोडलेली.

"शामू, आजारी माणसाच्या बाबतीत आधी जाण्यायेण्याची सोय बघावी," तो म्हणाला. "इथून परळ म्हणजे बसची रांग, बदलाबदली, जिने. तिचे हाल होतील. इस्पितळाला जवळ, ट्राम दारात, असं एखादं लॉज बघ."

"गिरगावात दोन चांगली आहेत," मी मुद्दामच म्हणालो.

"गिरगावात नको!" वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. मग पदराला हात पुसत बाहेर आल्या. "म्हणजे, लांब पडेल हो त्यांना, शामभावजी. आणि हे पाहा, तो आजार लागतो म्हणतात. घरात लग्नाची मुलगी."

"लागत नाही, वहिनी."

"तुम्ही काय डॉक्टर आहात?"

मी डॉक्टर नव्हतो. मी लॉज शोधायला निघालो.

आणि खोटं कशाला बोलू, काम मी मन लावून केलं. इस्पितळाजवळची धर्मशाळा पाहिली, तिथे रोग्यांच्या नातेवाइकांनी जिन्यातसुद्धा पथाऱ्या टाकल्या होत्या. लालबागला एक लॉज पाहिलं. ट्रामचा थांबा दारात होता, पण तिथे येईपर्यंत ट्राम गच्च, आजारी बाई दांडीला धरून उभी राहणार कशी? शेवटी दादर टी.टी.ला गेलो. ट्राम तिथूनच सुटते. रिकामी येऊन उभी राहते, कंडक्टर बाकांच्या पाठी खटाखट उलट्या पाडतो, आणि पहिल्या चढणाऱ्याला हवी ती जागा मिळते. रुळांसमोरच एक लॉज होतं. पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या चौदा पायऱ्या, खिडकीतून ट्राम दिसते. तिथून परळच्या नाक्यापर्यंतचे थांबे मी मोजले, घड्याळ लावून ट्राममध्ये बसलो, उतरून इस्पितळापर्यंत आजारी माणसाच्या चालीनं चालून पाहिलं. लॉजच्या दारापासून शेकाच्या खोलीच्या दारापर्यंत अठ्ठावीस मिनिटं, आणि त्यात उभं राहणं कुठेच नाही.

गुरुदत्तनं ते ऐकून माझ्या पाठीवर थाप मारली. "माझ्या हातून एवढं बारीक झालं नसतं." मला बरं वाटलं, तेही लिहायला हवं.

नाताळ संपता संपता उर्मिलाताई मुंबई सेंट्रलला उतरली. हातात एक ट्रंक, छातीशी घट्ट धरलेली शाल. घ्यायला मी एकटाच. गुरुदत्तला कोर्टाचं काम निघालं होतं, सुट्टीच्या दिवशी. टॅक्सी गिरगावाकडे न वळता दादरच्या रस्त्याला लागली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं लॉजची माहिती सुरू केली. ट्राम, जागा, पायऱ्या, मिनिटं.

तिनं शाळेतल्या मुलीचं पाठांतर ऐकावं तसं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे माहेर नाही, पण ट्राम आहे."

"ताई, तसं नाही गं."

"असू दे रे. सुमेधाचं जमतंय ना? मुलगा बरा आहे?"

"बरा आहे."

"मग झालं. मला काय, पंचवीस दिवस. मला बरं होऊन शाळेत परत जायचंय, शामू. जूनमध्ये मॅट्रिकचा वर्ग माझ्याकडे येणार आहे. त्यापुढे मी कुठे निजते याला काय महत्त्व?"

दोन जानेवारीला शेक सुरू झाले. पहिल्या आठवड्यात ऑफिसला उशिरा जाऊन मी रोज तिच्याबरोबर जात होतो. ट्राममध्ये खिडकीची जागा मिळायची. ती म्हणायची, "तुझी निवड चांगली आहे हो." तिथेच सुंदराबाईची ओळख झाली. ती इस्पितळात आया होती, चाळिशीची, आवाज खणखणीत. दुसऱ्याच दिवशी शेक घेऊन बाहेर आल्यावर उर्मिलाताईला भोवळ आली. सुंदराबाईनं तिला सावरून बाकावर बसवलं आणि पेला भरून आणला.

"घ्या बाई, पाणी."

उर्मिलाताई म्हणाली, "तहान नाही." ओठ कोरडे पडले होते तिचे.

सुंदराबाईनं पेला बाकावर ठेवला. "ऱ्हाऊ द्या. बाटलीतलं प्या तुमच्या." चेहरा जराही बदलला नाही. असं पूर्वीही पुष्कळदा झालं असणार. ती आणि तिचा नवरा रामजी बाबासाहेबांच्या पक्षातली माणसं. इस्पितळाच्या मागच्या चाळीत एक खोली होती त्यांची. रामजी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता.

पण ही बाई काही रागावून लांब राहिली नाही. आठवड्याच्या शेवटी तिनं मला बाजूला घेतलं.

"भाऊ, बाईंना रोज त्या ट्रामनं कशाला हिंदकळवता? माझी खोली हितं मागंच हाय, शंभर पावलं. आम्ही दोघंच. मालक बाहेर गॅलरीत निजतील, त्यांची निम्मी पाळी रातचीच असती. मी आन् बाई आत. शेक झाला की येऊन पडायचं. पुढं पुढं लई अशक्तपणा येतो, मी बघते ना रोज."

मी उर्मिलाताईला सांगितलं. ती म्हणाली, "चांगली बाई आहे. मी त्या दिवशी तिचं पाणी घेतलं नाही, आणि ती मला घर देतेय." पुढे म्हणाली, "गुरूला विचार. मला चालेल."

गुरुदत्तला विचारायला गेलो तेव्हा तळपद्यांचा होकार येऊन चार तास झाले होते. पेढे समोर होते. पौष संपला की माघातला मुहूर्त धरायचा होता. मी सुंदराबाईचं सांगितलं. वहिनींचा पेढ्याचा हात थांबला.

"त्या लोकांकडे? शामभावजी, कुठल्या लोकांकडे म्हणताय ते कळतंय ना तुम्हाला?"

"इस्पितळापासून शंभर पावलं आहे, वहिनी."

"उद्या तळपद्यांच्या कानावर गेलं तर? आजार तो आजार, आणि वर ही राहणार कुणाकडे!"

गुरुदत्तनं पेढा पुरा खाल्ला, मग बोलला. "शामू, लॉज तूच निवडलंस. ट्राम दारात आहे. मग ही चर्चा कशाला?"

यावर बोलण्यासारखं खूप होतं. पण माझीच निवड होती ना ती! अठ्ठावीस मिनिटं मीच मोजली होती. माणसाला स्वतःच्या शहाणपणावर उलटणं फार जड जातं. मी पेढा उचलला. उर्मिलाताईला जाऊन सांगितलं, "गुरुदादा म्हणतो, लॉजच बरं." ती म्हणाली, "सुमेधासाठी ना? बरं."

संक्रांतीपर्यंत बारा शेक झाले. सोमवारी, सोळा तारखेला, तेरावा. त्याच रात्री रेडिओवरून जाहीर झालं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, केंद्राकडे राहील. मंगळवारी सकाळी गिरगावात दगड आणि गोळ्या दोन्ही चालू होते. आमच्या फणसवाडीच्या तोंडाशी रस्त्यावर बाकं, पिंपं, दिव्याचा खांब आडवा पडलेला. परळ-लालबागला त्याहून जास्त, असं लोक सांगत होते. ट्रामा डेपोत गेल्या. बसही. संचारबंदी लागली.

गुरुदत्तकडे फोन होता. मी गल्लीगल्लीतून त्याच्याकडे गेलो. उर्मिलाताईचा फोन मंगळवारी आला, बुधवारी आला, गुरुवारी आला तेव्हा मी तिथेच होतो. तिचा आवाज एवढा स्पष्ट येत होता की मला पलीकडचंही ऐकू आलं.

"गुरू, आज तिसरा दिवस. ट्राम नाही."

"सगळीकडेच नाही गं. उद्या सुरू होईल."

"इस्पितळात शेक चालू आहेत. मी फोन करून विचारलं. यंत्रावरचा माणूस पायी येतो. मीच तेवढी जात नाही. अरे, खंड पडतोय माझा."

"टॅक्सी बघायला सांग मॅनेजरला."

"टॅक्सी कुठली या दगडांत? गुरू, सकाळी दोन तास संचारबंदी उठते. तेवढ्यात कुणी मला धरून पोचवलं, तर मी त्या सुंदराबाईकडेच राहते. ट्राम सुरू होईपर्यंत."

गुरुदत्तनं माझ्याकडे पाठ केली. "तिथे अजिबात जायचं नाही. उद्या कुणी विचारलं, माझी बहीण कुणाकडे राहिली होती, तर मी काय सांगू?"

मग उर्मिलाताई म्हणाली, "तसंही तू कुणाला सांगितलंयस कुठे, मी आलेय म्हणून?" आणि फोन ठेवला.

मी म्हणालो, "दादा, मी जातो दादरला."

"या गोळीबारात? वेडा झालास? तुला काही झालं तर?" तो खऱ्या कळवळ्यानं म्हणाला. आणि मी, तेवढ्यावर समाधान मानून, घरी गेलो. त्या आठवड्यात माझ्याहून भित्री माणसंही रस्त्यावर उतरली होती.

सोमवारी वातावरण थोडं निवळलं तेव्हा मी पायी दादरला पोचलो. लॉजचा मॅनेजर दत्ताराम, मालवणकडचा, मला पाहून उठलाच.

"इलास? आता इलास? बाई शनिवारी गेली."

"कुठे?"

"पायी गेली. काय सांगू तुमका! चार दिवस रोज साडेआठाक तयार होऊन, पिशवी घेऊन खिडकीत बसायची. रूळ बघीत. मी सांगलंय, बाई, आज काय ट्राम येवची नाय. तर म्हणता कशी, शाळेची वेळ झाली की मला पडून राहवत नाही. शनिवारी संचारबंदी उठली तशी खाली उतरली. मी म्हटलंय, थांबा, कोणतरी सोबत बघतंय. तर म्हणाली, पाच दिवस सगळे सोबतच बघतायत."

धडधाकट माणसाला तिथून इस्पितळापर्यंत अर्धा तास लागतो. तिला किती लागला ते रामजीनं मला सांगितलं. तोच तिला भेटला होता. गिरण्या बंद होत्या, संचारबंदी उठलेल्या दोन तासांत तो दूध शोधायला बाहेर पडला होता. परळच्या नाक्याच्या अलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर ती बसलेली दिसली. पुढे अश्रुधूर सोडला होता, डोळे सुजलेले, श्वास लागलेला. पिशवीवर इस्पितळाचं नाव दिसलं म्हणून त्यानं विचारलं, तर ती म्हणाली, "सुंदराबाईंची खोली ठाऊक आहे का तुम्हाला?"

"म्हटलं, ठाऊक हाय, माझीच हाय," रामजी म्हणाला. "मग पाठीवर घेतल्या. वजन कुठं होतं? दीड तास बसत बसत आल्या होत्या बाई."

शनिवारी तिला चौदावा शेक मिळाला. चार बुडाले होते. संध्याकाळी ताप चढला.

मी खोलीत गेलो तेव्हा ती चटईवर बसून सुंदराबाईच्या हातचं पाणी पीत होती. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पितळेचे डबे, सगळं लखलखीत. मला पाहून ती हसली. "ये. आता खरी सोय झाली बघ माझी."

"ताई, डॉक्टर काय म्हणाले?"

"बुडालेले भरून काढता येत नाहीत म्हणाले. राहिलेले अकरा घ्यायचे. पण ताप उतरल्यावर." तिनं बोटं मोजली. "जमेल रे. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पुरे होतील."

मी ठाकूरद्वारला जाऊन सगळं सांगितलं. गुरुदत्त डोकं धरून बसला, डोळ्यांत पाणीही आलं. मग पाणी पुसून म्हणाला, "उद्या ट्राम सुरू होतेय. तिला परत लॉजवर आण. खोली मी सोडलेली नाही."

"तिला ताप आहे, दादा."

"टॅक्सीनं आण. लग्नाला चार आठवडे राहिलेत, शामू. माझ्या मुलीचा विचार कर."

आणि मी गेलो! टॅक्सी घेऊन गेलो. सुंदराबाई दारात उभी होती, कमरेवर हात.

"टॅक्सी मिळाली वाटतं आता? परवा न्हवती."

मी मान खाली घालून आत गेलो आणि निरोप सांगितला. उर्मिलाताईनं विचारलं, "सुमेधाला माहीत आहे, मी इथे आहे ते?"

"नाही."

"मी मुंबईत आहे ते?"

"नाही."

"मग तिच्या नावानं मला कशाला नेताय? मी येत नाही, शामू. गुरूला सांग, बहीण बडोद्याला गेली. तुला सांगायला जड जाणार नाही." मग सुंदराबाईला म्हणाली, "यांना चहा द्या. लांबून आलेत."

त्या टॅक्सीतून मी एकटा परतलो. गुरुदत्तनं सगळ्यांना तसंच सांगितलं. म्हणजे ज्यांना आल्याचंच ठाऊक नव्हतं, त्यांना ती गेल्याचं सांगायचा प्रश्नच नव्हता. एवढं बिनखर्ची खोटं मी आमच्या ऑफिसातही पाहिलं नाही.

ताप उतरला. पंधरावा झाला, सोळावा झाला, सतरावा झाला. मग खोकला सुरू झाला, तपासणीत रक्त कमी निघालं, आणि तिला इस्पितळातच घातलं. डॉक्टर न्यूमोनिया म्हणाले. सुंदराबाई पाळी संपल्यावर तिच्या खाटेशी बसायची. मी एक दिवसाआड जायचो, अठरा राहिला, एकोणीस राहिला असं ती मला ऐकवायची, आणि मी "होईल, होईल" म्हणायचो. गुरुदत्तनं दोनदा संत्री पाठवली. तो स्वतः येणार होता. पत्रिका छापायच्या होत्या, मग वाटायच्या होत्या.

लग्न रविवारी, एकोणीस फेब्रुवारीला. उर्मिलाताई शुक्रवारी सकाळी गेली, साडेसातला. सुंदराबाईनं डोळे मिटवले. आठ शेक राहून गेले.

आमच्यात, आणि आमच्यातच असं नाही, लग्न झालेल्या बहिणीचं सुतक भावाला तीन दिवस. शुक्रवार, शनिवार, रविवार. गुरुवारी गेली असती तर बसलं असतं गणितात. हे असलं गणित मला त्या खाटेशी उभं असताना सुचलं, यावरून मी कोणत्या घरचा ते कळावं. आणखी एक नियम आहे: सुतक कळल्यापासून धरतात.

दहाच्या सुमारास मी ठाकूरद्वारला पोचलो. दारात मांडवाचे बांबू उतरत होते. गुरुदत्त वरच्या गॅलरीत उभा राहून माणसांना सूचना देत होता. मी जिना चढून वर आलो. त्यानं माझा चेहरा पाहिला. नुसता पाहिला, आणि माझ्या आधी तोच बोलला.

"शामू! ट्रामनं आलास की बसनं?"

"बसनं. दादा..."

"गर्दी असेल. या वेळेला असतेच. मधल्या मार्गानं गेलं तर बरं पडतं." तो भराभरा बोलत होता, मला एक शब्द घालायला फट न ठेवता. "मांडव बघितलास? आणि बँडवाले बदलले बरं का."

"दादा, मी इस्पितळातून आलोय."

त्यानं माझा दंड धरला. बोटं रुतली. "आज मला काहीही सांगू नकोस," तो अगदी हळू म्हणाला. "तुझ्या पाया पडतो. सोमवारी सांग. जे असेल ते सोमवारी सांग."

आतून वहिनी आल्या. हळदीचे हात. त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाल्या, "शामभावजी, तुम्ही काही बोललात का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग सरबत घ्या."

मी सरबत घेतलं. सुमेधा दारातून डोकावली, मेंदीचे हात सावरत म्हणाली, "शामकाका, आत्या आली नाही ना हो? पत्राचं उत्तरही नाही." गुरुदत्त खाली बांबूवाल्यावर ओरडायला लागला. मी म्हणालो, "शाळेची परीक्षा आहे म्हणे."

इस्पितळात परतलो तेव्हा रामजी आणि चाळीतले चौघे जण थांबले होते. तिरडीचं सामान त्यांनीच आणलं होतं.

"भाऊ येताहेत बाईंचे?" रामजीनं विचारलं.

"त्यांना अजून कळलेलं नाही."

"तुम्ही सांगायलाच गेला होता ना?"

"हो."

रामजी तिरडी बांधायला बसला. सुंदराबाई म्हणाली, "कळायला काय लागतं वो तुमच्यात?"

भोईवाड्याच्या स्मशानात वहीत नाव लिहिताना कारकुनानं विचारलं, "अग्नी कोण देणार?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अग्नी दिला असता तर दहा दिवस मला सुतक. रविवारी मांडवात मी दिसलो नसतो, लोकांनी विचारलं असतं, आणि सगळंच बाहेर आलं असतं. ही कारणं मी त्या वेळी मनाशी व्यवस्थित मांडली. तोंडानं मात्र एवढंच म्हणालो, "मला नाही जमायचं."

रामजीनं डोक्याचा रुमाल सोडून कमरेला बांधला आणि पुढे झाला. "माझं नाव ल्या," त्यानं कारकुनाला सांगितलं. "पत्ता बी माझाच ल्या. बाई माझ्याकडंच ऱ्हात होत्या."

रविवारी लग्न थाटात झालं. मी अक्षता टाकल्या. पंगतीत सुनंदावहिनींनी स्वतः मला जिलबी वाढली, नको नको म्हणत असता दोन.

सोमवारी सकाळी नऊ वाजता मी जाऊन सांगितलं. गुरुदत्त ऐकून उभ्याउभ्या नेसत्या वस्त्रानिशी मोरीत गेला, अंगावर घागर ओतून घेतली आणि तिथेच बसून रडला. ढोंग नव्हतं ते. बहिणीच्या नावानं हाका मारत होता, आणि त्या हाका ऐकवत नव्हत्या. वहिनी खांबाला धरून उभ्या होत्या.

बऱ्याच वेळानं ओल्या अंगानं बाहेर आला. आवाज बसलेला.

"शेवटी जवळ कोण होतं?"

"मी होतो. इस्पितळातली माणसं होती."

"आणि अग्नी? अग्नी कोणी दिला रे तिला?"

मी म्हणालो, "मी दिला."

सुनंदावहिनींनी चटकन मान वर करून माझ्याकडे पाहिलं. शुक्रवारी ज्यानं अग्नी दिला तो रविवारी पंगतीत बसून जिलबी कसा खाईल, एवढा हिशेब त्यांनाही येत होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर जमिनीकडे वळवली.

गुरुदत्त माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. तरी तो माझ्या पुढ्यात आला, ओल्या धोतरातून पाणी ठिबकत होतं, आणि माझ्या पायांवर डोकं ठेवायला वाकला.

मी पाय मागे घेतले नाहीत.